अकराव्या वर्षाचा मेंटेनन्स

करी रोड स्टेशनच्या पुलावर सकाळी नऊच्या सुमारास उभं राहिलं, तर गिरणगावातली दोन माणसं एकमेकांना खांदा घासून जाताना दिसतात. एक लोकलमधून उतरून, गळ्यातलं ओळखपत्र सावरत ना. म. जोशी मार्गावरच्या ऑफिसकडे निघालेलं. दुसरं चाळीतून निघून, कापडी पिशवी घेऊन लालबागच्या बाजाराकडे चाललेलं. पुलाखालच्या गल्लीत तीन मजली चाळ आहे. तिच्या लाकडी कठड्यावर गोधड्या वाळत पडल्यात आणि जिन्याखाली इस्त्रीवाल्याचं टेबल आहे. चाळीला लागून निळ्या पत्र्याचं कुंपण आहे आणि कुंपणावर उद्याच्या इमारतीचं चित्र. सडपातळ टॉवर, मजल्यावर एकच घर, दुप्पट उंचीचं छत, वर गच्चीत पोहण्याचा तलाव. इंग्रजी मजकुरात ‘बुटिक’ हा शब्द सर्वांत मोठ्या टायपात.

अशी कुंपणं आता परळ, लालबाग, प्रभादेवी, दादर, नायगाव अशी सगळीकडे दिसतात. ‘घर’ हा यंदाच्या अंकाचा विषय ठरल्यावर या कुंपणांच्या आत काय चालतं ते पाहायचं ठरलं. गिरण्यांच्या विस्तीर्ण जमिनींवर उभ्या राहिलेल्या उत्तुंग टॉवरांबद्दल आजवर बरंच लिहून झालंय. पण गिरणगावाचा चेहरा आज जो बदलतोय तो चार-पाच हजार चौरस फुटांच्या, दोन गल्ल्यांमध्ये अडकलेल्या लहान प्लॉटांवर. तिथे एकाच इमारतीत चाळीचे जुने भाडेकरू आणि काही कोटी मोजून आलेली नवी कुटुंबं एकावर एक राहायला येतात.

करवती छपराखाली

तरीही सुरुवात गिरण्यांपासूनच करावी लागते, कारण या भागाला भाव आला तो त्यांच्या जमिनींमुळे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने गिरण्यांचा तुकड्यातुकड्याने विचार न करता अख्ख्या भागाचा एकत्र आराखडा करा, असं सुचवलं. ते झालं नाही. २००१ मध्ये नियमाला अशी मुरड घातली गेली की वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे. शेड उभ्या असलेली जागा वाटणीतून वगळली गेली. गिरणीच्या आवारात जागा व्यापतात त्या शेडच. तेव्हा म्हाडा आणि महापालिकेच्या पदरात काय पडणार हे उघड होतं. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ही मुरड अमान्य केली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र ती कायम ठेवली. त्याच सुमारास राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतल्या आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलचे ७०२ कोटी आले.

शेडचं पुढे काय झालं, हेही पाहण्यासारखं आहे. गिरणीची शेड म्हणजे करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, प्रत्येक दात्याच्या उभ्या बाजूला उत्तरेकडे तोंड केलेली काच, खाली बिडाचे खांब. दिवसभर सारखा, सावली न पाडणारा उजेड मिळावा म्हणून ही रचना. सूत तुटलं तर साच्यावर उभ्या कामगाराला लगेच दिसायला हवं. त्या उंचीत आणि त्या उजेडात फिनिक्स, कमला, मथुरादास अशा गिरण्यांच्या आवारांत आधी जाहिरात कंपन्या आल्या, मग स्टुडिओ, मग हॉटेलं आणि पब. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लागलेल्या आगीत १४ जण दगावले, तेव्हा त्या आवारात किती बांधकाम कशावर चढलं होतं ते सगळ्यांना कळलं. त्याच्या तीनच महिने आधी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली होती आणि त्यात वीसहून अधिक माणसं गेली होती. गिरणीच्या पाळीची माणसं चाळीतून चालत कामाला जायची. ऑफिसांची माणसं लोकलने येऊ लागली आणि पूल मात्र जुनाच राहिला.

मोकळ्या पडलेल्या कारखान्यात राहायला जाण्याची, म्हणजे ‘लॉफ्ट’ची पद्धत न्यूयॉर्कच्या सोहो भागातून जगभर गेली. तिथे आधी चित्रकार-शिल्पकार बेकायदा राहायला लागले, १९७१ मध्ये नियम बदलून त्यांना मान्यता मिळाली आणि १९८२ मध्ये अशा रहिवाशांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा झाला. त्याच वर्षी इथे संप सुरू झाला. आपल्याकडच्या शेडमध्ये राहणारं कुणी नव्हतं. ज्यांचं आयुष्य त्या शेडमध्ये गेलं ते शेजारच्या चाळीत राहत होते, आणि शेडच्या पुनर्वापराच्या नियमात त्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. म्हाडाच्या वाट्यातून कामगारांना द्यायच्या घरांसाठी सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची, साडेसात लाखांना.

आज गिरणगावात ‘लॉफ्ट’ म्हणून जे घर विकलं जातं त्याचा गिरणीच्या शेडशी काही संबंध उरलेला नाही. ते नव्या काँक्रीटचं, दुप्पट उंचीच्या दिवाणखान्याचं घर आहे, आणि बहुतेक वेळा एखाद्या चाळीच्या जागेवर उभं आहे.

एका मजल्यावर एकच घर का?

चाळीच्या जागी सडपातळ टॉवर का येतो, याचं उत्तर बिल्डरच्या हौसेत शोधण्यापेक्षा नियमात शोधावं.

शहर भागातल्या बहुतेक जुन्या चाळी ‘सेस बिल्डिंग’ आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी बांधली गेली. महिन्याच्या पावतीवर दोन आकडी, फार तर शे-दोनशे रुपयांची रक्कम. मालकाने डागडुजी सोडून दिली, इमारती पडू लागल्या. तेव्हा १९६९ मध्ये कायदा करून सरकारने दुरुस्ती मंडळ नेमलं आणि भाडेकरूंवर उपकर, म्हणजे सेस, बसवला. त्या वेळी अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या होत्या. टेकू लावून त्यांतल्या बऱ्याच पन्नास-पंचावन्न वर्षं उभ्या आहेत.

त्या पाडून नव्याने बांधायच्या तर लागू होतो विकास नियमावलीचा ३३(७). बैठकीत कुणी ‘तेहतीस-सात’ म्हणालं की चाळीतल्या आजीबाईंनाही समजतं. ५१ टक्के भाडेकरूंची संमती हवी. प्रत्येक निवासी भाडेकरूला आहे तेवढी जागा, पण किमान ३०० चौरस फूट, मालकी हक्काने आणि फुकट. बिल्डरला बांधायला मिळतं ते प्लॉटच्या तिप्पट क्षेत्र किंवा भाडेकरूंच्या पुनर्वसनाला लागणारं क्षेत्र अधिक त्याच्या ५० टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. दोन ते पाच प्लॉट एकत्र आले तर ५० चे ६० टक्के होतात, सहा किंवा जास्त आले तर ७०.

आता एक कल्पित चाळ घेऊ. पाच हजार चौरस फुटांचा प्लॉट, ४० खोल्या. पुनर्वसनाला लागले ढोबळमानाने १२,००० चौरस फूट. विक्रीला उरले ६,०००. बाकीची जोड-वजाबाकी, प्रीमियम वगैरे बाजूला ठेवू, सांगाडा हाच. या सहा हजारांत बिल्डरने ४०० फुटांची पंधरा घरं बांधली तर ती घेणार कोण? तेवढ्या पैशात ठाण्याला मोठं घर मिळतं. बाराशे फुटांची पाच बांधली, सगळ्यात वरच्या पाच मजल्यांवर, तर विकायला उंची मिळते, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला शिवडीची खाडी मिळते, शेजारी कुणी नाही याची खात्री मिळते. अख्ख्या इमारतीचा, ४० कुटुंबांच्या घरांचा, बांधकाम होईपर्यंत बाहेर राहण्याच्या (ट्रान्झिट) भाड्यांचा, मालकाच्या वाट्याचा आणि नफ्याचा पैसा त्या पाच घरांतून काढायचा आहे. म्हणून ती घरं महाग असावीच लागतात. ‘बुटिक’ हे त्या गणिताचं उत्तर आहे.

खाली गाड्या ठेवायच्या म्हणून पोडियमचे चार-पाच मजले. त्यावर भाडेकरूंचे मजले. त्यावर विक्रीचे. रस्त्यावर चालणाऱ्याला पूर्वी पिठाची गिरणी, वाणी, शिंपी दिसायचे. आता डोळ्यांच्या उंचीला जाळी आणि तिच्यामागे गाड्यांचे दिवे दिसतात. जुन्या दुकानदाराला नव्या इमारतीत गाळा मिळतो, पण तो आतल्या बाजूला गेला की त्याचं गिऱ्हाईक तुटतं. लालबागच्या चिवडा गल्लीत, मसाल्याच्या दुकानांत उभं राहिलं की लक्षात येतं की हा व्यापार सगळा रस्त्याच्या काठावर चालतो. मिरची कांडपाचा ठसका नाकात गेल्याशिवाय माणूस दुकानाशी थांबत नाही.

खोली कुणाच्या नावावर?

संमतीची बैठक बहुधा चाळीच्या चौकात किंवा गणपतीच्या मंडपाच्या जागेवर होते. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक माइक, बिल्डरचा माणूस, भाडेकरूंनी नेमलेला सल्लागार. किती फूट देणार, ट्रान्झिटचं भाडं किती, ते एकरकमी की महिन्याला, बाहेर किती वर्षं काढावी लागणार, असे प्रश्न. फुटांवर घासाघीस जोरात होते. शेजारच्या चाळीला साडेचारशे मिळाले तर आम्हाला का नाही? दोन बिल्डर मागे असतील तर तीनशेच्या वर आकडा चढतो.

पण खरा गुंता पावतीचा असतो. पात्र कोण, हे १३ जून १९९६ रोजी तिथे कोण होतं यावरून ठरतं, आणि ते दाखवायला भाडेपावती, मतदारयादी, बेस्टचं वीजबिल, रेशनकार्ड असं सगळं लागतं. पावती आजोबांच्या नावावर असते. आजोबांना तीन मुलगे. एक खोलीत राहतो, एक डोंबिवलीला, एक गावी. पागडी देऊन खोली घेतली असेल तर मालकाने आपला वाटा घेऊन पावती फिरवलेली असते, कधी नसते. पागडीचा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालला. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने त्याला मान्यता दिली.

गिरणगावात याहून वेगळी एक खोली सापडते: गावकीची. कोकणातल्या एखाद्या गावाच्या ग्रामस्थ मंडळाने शंभरेक वर्षांपूर्वी घेतलेला गाळा. गावातून आलेला प्रत्येक नवखा तिथे पथारी टाकायचा. वीस-पंचवीस माणसं पाळीप्रमाणे झोपायची, जेवण खानावळीत. भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो, लोखंडी ट्रंका एकावर एक, वर्गणीची वही. ती खोली पुनर्विकासात गेल्यावर मिळणारा तीनशे फुटांचा फ्लॅट नेमका कुणाचा? मंडळाचा म्हणावं तर मंडळाची नोंदणी लागते, घटना लागते, हिशेब लागतात. विकून गावात देऊळ बांधावं की गावच्या मुलांना शिकायला उतरायची सोय ठेवावी, यावर सभा होतात. मुंबईत मराठी माणूस रुजला तो अशा खोल्यांच्या आधाराने. त्यांच्यासाठी नियमावलीत एक सरळ तरतूद असायला हवी होती.

बाहेर काढलेली वर्षं

चाळ रिकामी झाली की भाडेकरू विखुरतात. कुणी जवळच भाड्याने, बरेच जण विरार, बदलापूर, पनवेलकडे. मुलांच्या शाळा लालबागला, म्हणून आई पहाटेची लोकल धरते. वर्षं जेव्हा तीनाची सहा होतात आणि भाड्याचे चेक येणं थांबतं, तेव्हा दाद कुठे मागायची, हा प्रश्न असतो. बांधकाम क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या महारेराचं संरक्षण मुख्यत्वे पैसे देऊन फ्लॅट घेणाऱ्याला आहे. फुकट घर मिळणारा भाडेकरू त्या व्याख्येत सहज बसत नाही. गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांनी २००८ च्या करारानंतर दीड दशकाहून जास्त काळ घराची वाट पाहिली, हे मुंबईतल्या प्रत्येक चाळीला ठाऊक आहे. संमतीपत्रावर सही करताना म्हाताऱ्यांचा हात थबकतो तो यामुळे.

सरकारने स्वतः अंगावर घेतलेलं काम म्हणजे बीडीडी चाळी. १९२० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बांधलेल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. दार उघडलं की उजवीकडे ओटा, कोपऱ्यात मोरी, मोरीच्या वर पोटमाळा. त्या पोटमाळ्यावर गाद्या, मखराचं सामान, गावाहून आलेली तांदळाची गोणी, आणि परीक्षा जवळ आली की दिव्याची वायर ओढून बसलेला घरातला दहावीचा मुलगा. खाली माणसं बोलत असतात, टीव्ही चालू असतो, तो वर अभ्यास करतो. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. या खोल्यांच्या बदल्यात म्हाडा ५०० चौरस फुटांची घरं देतंय, बाहेर राहण्याच्या काळात महिना २५,००० रुपये भाडं देतंय, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. स्वतःचं न्हाणीघर, स्वतःचा संडास, आतल्या खोलीला लागणारी कडी. चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी, आणि त्यात पुष्कळदा चाळ सोडून गेलेलेच असतात, हे आधी लक्षात घ्यावं. रात्री-अपरात्री मजल्याच्या टोकापर्यंत जावं लागणाऱ्या बाईला गॅलरीतल्या गप्पांचं फारसं कौतुक नसतं.

दोन लिफ्ट, एक सोसायटी

नव्या इमारतीत प्रवेशद्वारं दोन असतात. एक मुख्य रस्त्यावर, संगमरवरी, तिथे सुरक्षारक्षक आणि फुलांची मांडणी. दुसरं गल्लीच्या बाजूला, टाइल्सचं, नोटीस बोर्ड आणि पत्रपेट्यांचं. लिफ्ट वेगळ्या. गच्ची बहुधा विक्रीच्या बाजूची. बोलण्यात ‘रिहॅब’ (भाडेकरूंचे) आणि ‘सेल’ (विक्रीचे) हे दोन शब्द मजल्यांसाठी येतात आणि हळूहळू माणसांसाठीही वापरले जातात. हे खटकतं, खटकायलाच हवं. पण वेगळी लिफ्ट भाडेकरूच्या एका फायद्याचीही ठरू शकते, आणि तो फायदा खर्चाचा आहे.

चाळीचा खर्च काय असायचा? पंपाचं बिल, झाडूवालीचा पगार, गणपतीची वर्गणी. टॉवर झाला की लिफ्टचे वार्षिक करार येतात, आगीचे पंप, जनरेटर, यांत्रिक पार्किंग, पाण्याच्या टाक्यांवर टाक्या, रखवालदारांच्या तीन पाळ्या. चौरस फुटाला महिना दहा रुपये मेंटेनन्स धरला तरी चारशे फुटांच्या घराला चार हजार. ज्या घरातल्या निवृत्त माणसाचं पेन्शन हातखर्चालाच पुरतं, तिथे शंभर रुपयांच्या पावतीवरून चार हजारांवर उडी म्हणजे दर महिन्याचा पेच. एक दिलासा आहे: २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. बाकी सगळं भरावंच लागतं.

नियमावलीने याचा विचार केलेला आहे, पण अर्धाच. ३३(७) च्या इमारतीत बिल्डरने म्हाडा ठरवेल तेवढा कॉर्पस निधी ठेवायचा, आणि त्यातून दहा वर्षांची देखभाल व्हावी, अशी तरतूद आहे. दहा वर्षं. टॉवरची लिफ्ट नेमकी त्यानंतर खर्च मागू लागते, गळती तेव्हाच सुरू होते, रंगाचं मचाण तेव्हाच चढवावं लागतं. घरटी पाच लाख कॉर्पस धरून त्यावर सात टक्के व्याज आलं तर महिन्याला तीन हजारांहून कमीच मिळतात, आणि व्याज तेवढंच राहून खर्च दरवर्षी चढत जातो. म्हणून गिरणगावातल्या पुनर्विकासाचं खरं यशापयश भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळाल्याच्या दिवशी मोजता येत नाही. अकराव्या वर्षी सोसायटीच्या थकबाकीच्या यादीत कुणाची नावं आहेत आणि विक्रीला निघालेली घरं कुणाची आहेत, त्यावरून ते कळेल. घर विकणारा प्रत्येक जण नाइलाजानेच विकतो असं नाही. तीन भावांची वाटणी, मुलीचं शिक्षण, गावाला बांधायचं घर अशी कारणंही असतात. पण केवळ मेंटेनन्स झेपत नाही म्हणून पन्नास वर्षांची वस्ती उठली, तर फुकट मिळालेलं घर हे दहा वर्षांची मुदतवाढ ठरलं, असंच म्हणावं लागेल.

यावर उपाय आहेत आणि ते फार अवघडही नाहीत. रिहॅबच्या मजल्यांचे खर्च सेलच्या खर्चापासून वेगळे मोजायचे. पोहण्याच्या तलावाचं आणि यांत्रिक पार्किंगचं बिल ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्या माथी मारायचं नाही. त्यासाठी वेगळे मीटर लागतात, आणि वेगळी लिफ्ट इथे उपयोगी पडते. तळमजल्यावरचे एक-दोन गाळे सोसायटीच्या नावावर करून घ्यायचे, म्हणजे खर्चाबरोबर भाडंही वाढत राहतं. बँकेतल्या ठेवीला ते जमत नाही. लहान प्लॉटांनी एकेकटं न जाता शेजारच्या दोन-तीन चाळींना सोबत घ्यायचं, म्हणजे प्रोत्साहनपर क्षेत्रही वाढतं आणि इमारत इतकी सडपातळ, इतकी उंच करावी लागत नाही. उंची कमी झाली की लिफ्ट आणि पंपांचा खर्च आपोआप खाली येतो. भेंडीबाजारात सुमारे २५० इमारतींचा एकत्र विचार झाला तो याच तत्त्वावर, एका धार्मिक विश्वस्त संस्थेच्या पुढाकाराने. लालबागला तशी संस्था नाही, पण मंडळं आहेत, आणि गल्लीतली प्रत्येक चाळ दरवर्षी एकत्र येऊन गणपतीचा लाखोंचा हिशेब चोख ठेवते.

म्हाडा कायद्यातल्या ७९-अ कलमाने आता मालकालाही मुदत घातली आहे: धोकादायक ठरलेल्या इमारतीचा प्रस्ताव त्याने सहा महिन्यांत आणायचा, नाहीतर ती संधी भाडेकरूंच्या संस्थेला, आणि त्यांनाही जमलं नाही तर म्हाडाला. म्हणजे पुढच्या काही वर्षांत अशा बैठका वाढतील आणि करार घाईने होतील. गाळे सोसायटीच्या नावावर, खर्चाचे मीटर वेगळे, कॉर्पस बँक गॅरंटीसकट, ही तीन कलमं करारात सहीच्या आधी घालून घ्यावी लागतात. चाळ रिकामी होऊन पत्र्याचं कुंपण लागलं की मग भाडेकरूंकडे अडवून धरण्यासारखं काही उरत नाही.